उष्टावण कुणाची, उष्टं कुणाचं?



पोराच्या पहिल्या घासाचंही राजकारण असतं. ज्याला हे पटत नाही त्यानं आधी भाषेकडं बघावं.

वरच्या आळीत पोर सहा महिन्यांचं झालं की उष्टावण करतात. चांदीची वाटी, तांदळाची खीर, मामाची मांडी, अंगठीनं जिभेला लावलेलं पहिलं अन्न. शास्त्रीबुवा त्याला अन्नप्राशन म्हणतात आणि सोळा संस्कारांत बसवतात. पोरानं घास उष्टा केला म्हणून घरात गोडधोड. तिथं उष्टं म्हणजे सोहळा.

गावकुसाबाहेर हाच शब्द दुसऱ्या अर्थानं राहिला. येसकराची पाळी आली की घोंगडं खांद्यावर टाकून दारोदार हाळी द्यायची, आणि पाटलाच्या पोरानं टाकलेला शिळा तुकडा आपल्या पोराच्या तोंडात घालायचा. पिढ्यान् पिढ्या आपल्या लेकरांची उष्टावण दुसऱ्याच्या उष्ट्यावर झाली. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं ढोर खाणं सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं आणि पोटाला चिमटा घेऊन सोडलं. त्या दिवशी आपण उष्ट्याला नाही म्हणालो. पण ताजं, गरम, आपल्या हक्काचं अन्न आपल्या पोराच्या तोंडात वेळेवर जाईल याची सोय अजून झालेली नाही. लढाईचा अर्धा भाग राहिलाय, आणि तो चुलीजवळचा म्हणून कुणी त्याच्यावर भाषण करत नाही.

मी गोदीतला माणूस. मॅट्रिक होऊन पोती उचलतो. माझं गाव नगर जिल्ह्यात. सरकारनं 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर केलं. आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो. नाव बदललं, पोरांच्या बरगड्या तशाच दिसतात. मला डॉक्टरकी येत नाही. पण आईच्या दुधानंतर पोराला काय लागतं हे कळायला डॉक्टरकी लागत नाही. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं. तेच आधी नीट मांडतो, कारण पुढची शिवीगाळ त्याच हिशेबावर उभी आहे.

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवायचं, दोन वर्षं आणि त्याहून जास्त. पण नुसत्या दुधानं भागत नाही. जन्मताना पोर अंगात जे लोह घेऊन येतं ते तोवर संपत आलेलं असतं. आई स्वतः रक्तानं पांढरी असली, पोर कमी वजनाचं जन्मलं, तर ते आणखी लवकर संपतं. सहा ते आठ महिन्यांच्या पोराला दुधाशिवाय रोज साधारण 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि वर्षानंतर 550. पोट मुठीएवढं. म्हणून एकदाच ताटभर देऊन चालत नाही. आधी दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, वर मधे काहीतरी. आणि अन्न घट्ट पाहिजे. चमचा तिरका केला तर घळाघळा ओघळू नये. आपल्याकडं डाळीचं वरचं पाणी पाजतात आणि म्हणतात पोर वरण खायला लागलं. डाळ गेली मोठ्यांच्या ताटात, पोराच्या वाटणीला आलं पिवळं पाणी! मुठीएवढं पोट पाण्यानं भरतं, पोर गप होतं. गप झालेलं पोर म्हणजे धालेलं पोर नव्हे. या देशात ही चूक फक्त आया करत नाहीत, राज्यकर्तेही करतात.

बरं, घट्ट म्हणजे काय द्यायचं? खिमट, मऊ भात, डाळीसकट वरण, त्यात तेलाचे चार थेंब. बाजरीची भाकरी दुधात नाहीतर वरणात भिजवून कुस्करून. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून. अख्खा दाणा नाही, तो नरड्यात अडकतो. अकोल्याकडं नाचणीची पेज, पातळ नव्हे, दाट. मेथी, चवळीची पालेभाजी शिजवून घोटून. अंडं उकडून कुस्करून. आणि घरात शिजत असेल तर काळजाचा बारीक तुकडा, मासा, मटण, वाटून मऊ करून. मध वर्षाच्या आत नाही. साखर नको, मीठ नको, चहा तर नकोच नको. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

यात एक तरी गोष्ट परदेशातून आणायची आहे का? बाजरी आपली, नाचणी आपली, कोंबडी आपल्या दारातली. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी बाई. त्यांनी अकोले तालुक्यात गावरान वाणांची बियाणी राखली, सरकारला 2020 मध्ये त्यांना पद्मश्री द्यावी लागली. म्हणजे शहाणपण आपल्या बायांच्या ओच्यात आहे. तरीही 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं काय? सहा ते तेवीस महिन्यांच्या पोरांपैकी ज्यांना पुरेसा आहार मिळतो अशी पोरं देशात शंभरात जेमतेम 11. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली 35 पोरं खुजी, 25 च्या वर लुकडी, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ 69 पोरांच्या अंगात रक्त कमी. हा प्रगत महाराष्ट्र. हा फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र, असं म्हणत मंत्री हार घालतो तो.

आता पांढरपेशा विद्वान तोंड उघडतो. म्हणतो, "आया अडाणी आहेत, त्यांना शिकवलं पाहिजे, जनजागृती झाली पाहिजे." सप्टेंबर आला की पोषण महिना निघतो. रांगोळी, पाककृती स्पर्धा, फोटो. आयांना अक्कल शिकवायला ज्या येतात त्या बहुतेकींनी उसाच्या फडात एक दिवस काढलेला नसतो. म्हणून फडातला दिवस सांगतो.

नगर जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेच्या पुस्तकात आहेत. असतील, कर्तृत्वाची माणसं होती. त्या धुराड्यामागनं उत्तरेला कालवे, बंगले, कॉलेजं, बँका, आमदारक्या उभ्या राहिल्या. दुधाच्या संकलनातही जिल्हा पुढं. साखर आणि दूध! जिल्ह्याच्या कपाळावर खीर लिहिलेली. पण त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. तिथं पाऊस नाही, काम नाही. दिवाळी झाली की गाडीत भांडी, गोधड्या, शेरडं, पोरं भरायची आणि कारखान्याचा रस्ता धरायचा. मुकादमानं उन्हाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात कोयता एक. आणि बाईच्या पाठीवरचं पोर? ते हिशेबातच नाही.

माझी थोरली बहीण दरवर्षी जाते. फडातली बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल, भाकरी, पाणी. अंधारात फड. नवरा ऊस तोडतो, ती पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. पोर बांधावर लुगड्याच्या झोळीत. पोराच्या राखणीला सात-आठ वर्षांची थोरली पोरगी, म्हणजे तिची शाळा संपली. रात्री कधीही ट्रक येतो, मग भरणी. झोप तीन-चार तास. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मजुरी टनावर. जानेवारी 2024 मध्ये संपाच्या दमदाटीनंतर दर टनाला 366 रुपये झाला, तोही दोघांचा मिळून.

टनावर मजुरी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळी गोम तिथंच आहे. सहा-सात महिन्यांचं पोर भाकरीचा काला गिळायला शिकत असतं. अर्धा घास आत, अर्धा बाहेर. जीभ पुढं काढून ढकलतं. हट्ट करतं. त्याला भरवायला बसलं की अर्धा तास जातो. दिवसातून तीन वेळा म्हणजे दीड तास. दीड तासात किती मोळ्या होतात ते मुकादमाला विचारा. म्हणजे पोराला भरवायचं तर आईनं ऊस कमी तोडायचा, उचल फिटणार नाही, पुढच्या साली पुन्हा यायचं. आई रडत्या पोराच्या हातात पाच रुपयांच्या पुड्यातलं बिस्कीट देते, नाहीतर चहात बुडवून. कधी उसाचं कांडं चोखायला. साखरेच्या राज्यात पोराला साखरच मिळते, दुसरं काही नाही!

हा अडाणीपणा आहे का? बहिणीला पोराला अंडं द्यावं हे ठाऊक नाही काय? तिला ठाऊक आहे. तिच्याकडं वेळ नाही, आणि तो वेळ कुणी चोरलाय हे तिलाही ठाऊक आहे. पोराच्या तोंडचा घास काढून घेणं ही म्हण जुनी. इथं घास भरवायचा वेळच काढून घेतला. वरून तिलाच शिकवणी!

कॅलेंडर बघा. उन्हाळ्यात गावात जन्मलेलं पोर नेमकं कार्तिकात सहा महिन्यांचं होतं. म्हणजे ज्या महिन्यात त्याला वरचं अन्न सुरू व्हायला हवं त्याच महिन्यात ते कोपीत येऊन पडतं. पुढचे पाच-सहा महिने, त्याच्या हाडामेंदूच्या वाढीचे सगळ्यात मोलाचे, पाचटावर जातात. चैत्रात गावी परत येतं तेव्हा वर्षाचं झालेलं असतं आणि वजन घेतल्यावर तक्त्यावर लाल रंगात पडतं. मग अंगणवाडीताईला जाब विचारतात. तिचा काय दोष? तिला पगार नाही, मानधन. त्यासाठीच तर डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या अंगणवाडीच्या बाया संपावर उतरल्या.

सरकारचं ऐका. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पन्नास वर्षं झाली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते तीन वर्षांच्या प्रत्येक पोराला घरी नेण्याचा आहार हा हक्क केला: रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. कागद उत्तम. आता पैसे बघा. 2017 मध्ये एका पोरामागं दिवसाला खर्च ठरवला 8 रुपये. आठ रुपयांत एक अंडं येतं, तेही बाजार बरा असला तर. मंत्र्याच्या बैठकीत काजूची बशी फिरते तिच्यातला एक काजू किती रुपयांचा पडतो?

आणि हे आठ रुपये तरी पोरापर्यंत सरळ जातात का? ऑक्टोबर 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नको, गावच्या बायांच्या गटांकडून करून घ्या. महाराष्ट्रात मग अशा अटींची टेंडरं निघाली की मशिनरी आणि मोठी उलाढाल असलेलाच आत यावा, भाकरी थापणारी बाई दारातच अडावी. फेब्रुवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाला ती टेंडरं रद्द करावी लागली. पाकीट येतं. पोर ते थुंकतं. पाकीट म्हशीपुढं पडतं, हे गावोगाव ऐकायला मिळतं. म्हैस दूध देते, दूध डेअरीत जातं, डेअरीचा चेअरमन सभेत कुपोषणावर बोलतो. असा हा सहकार.

आता नवी तऱ्हा. 1 जुलै 2025 पासून घरी नेण्याचा आहार घ्यायला मोबाईलसमोर तोंड दाखवायचं. चेहरा जुळला तर पाकीट. चोरी थांबवायला म्हणे. चोर टेंडरच्या खोलीत बसला आणि कॅमेरा लावला आईच्या तोंडापुढं! तिचं नाव पाथर्डीच्या यादीत, तोंड दुसऱ्याच तालुक्यातल्या फडात, पोराचं पोट तिच्या पाठीवर. नाव आणि पोट यांच्यात दीडशे किलोमीटरचं अंतर पडलं की हक्क मेला. स्थलांतर करणाऱ्यांची नोंद ठेवायला सरकारनं संगणकाची प्रणाली काढली. माणूस कुठं गेला ते कळतं म्हणे. कळून उपयोग काय? शिकाऱ्यालाही कळतं हरीण कुठं गेलं.

कायदेवाल्यांनाही विचारू. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं होतं की तीसच्या वर बाया कामाला असतील तिथं पाळणाघर पाहिजे. 1951 च्या मळा कामगार कायद्यानं चहा-कॉफीच्या मळ्यांना पाळणाघर सांगितलं. उसाचा फड कुठं बसतो? कारखाना म्हणतो, या बाया आमच्या नाहीत, मुकादमाच्या. मुकादम म्हणतो, मी तर साधा मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, तोड कारखान्याची. म्हणजे ऊस सगळ्यांचा, बाई कुणाचीच नाही! कारखाना मळीतून दारू काढतो, बगॅसमधून वीज काढतो, इथेनॉल काढतो. उसाचा चोथासुद्धा त्याच्या हिशेबात असतो. फक्त ऊस तोडणारीचं पोर नसतं.

28 जुलै 1928 ला मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे, आणि जो मालक तिच्या कामातून नफा काढतो त्यानंही भार सोसला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, म्हणजे बरोबर सहा महिने, वरचं अन्न सुरू होईपर्यंत. ऑफिसातल्या बाईला मिळाली, चांगलं झालं, मिळालीच पाहिजे. पण शंभर वर्षं होत आली तरी फडातल्या बाईला सव्वीस आठवडे सोडा, सव्वीस दिवस नाहीत. ऊसतोड कामगारांचं महामंडळ निघालं, गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं. 2021 मध्ये त्यांच्या पोरांसाठी वसतिगृहांची योजना निघाली. ठीक. पण वसतिगृहात शाळेचं पोर जातं, अंगावर पिणारं पोर जात नाही. त्याचा विचार कुणी केला नाही. कारण ते घोषणा देत नाही, मत देत नाही, नुसतं रडतं.

सरकारनं मोकळी सोडलेली जागा बाजार भरतो. 1974 मध्ये इंग्लंडमध्ये एक पुस्तिका निघाली. गरीब देशांत डबाबंद दूध विकणाऱ्या कंपन्यांच्या धंद्यानं पोरं कशी मरतात ते तिच्यात होतं. 1977 मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आचारसंहिता केली. आपल्याकडं 1992 मध्ये कायदा झाला, 2003 मध्ये तो कडक झाला. दोन वर्षांखालच्या पोराच्या अन्नाची जाहिरात करायची नाही. तरी एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' संस्थेनं तपासणी मांडली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या वाटीत वरून घातलेली साखर सरासरी जवळजवळ 3 ग्रॅम. त्याच कंपनीचा तसलाच माल जर्मनीत, इंग्लंडमध्ये बिनसाखरेचा. गोऱ्याच्या पोराची जीभ वेगळी आणि काळ्याच्या पोराची वेगळी काय? कंपनीनं उत्तर दिलं की आम्ही नियमाच्या आतच आहोत. असतीलही. मग नियम कुणाच्या सोयीनं लिहिला ते बघा. पोराच्या जिभेला सहाव्या महिन्यात गोडाची सवय लावली की गिऱ्हाईक जन्मभराचं पक्कं. आणि आपली बाई रोजंदारीतून डबा घेते, तो पुरवायला पाणी वाढवते, आणि पोर पुन्हा पातळावरच राहतं.

आता येतो अंड्यावर. इथं व्यवस्थेचं धोतर सुटतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. त्याला कवच आहे, भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, कंत्राटदाराला मारायला जागा नाही. गरीब पोरासाठी याच्याहून सोपं अन्न नाही. म्हणूनच ते नको! 2015 मध्ये मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडं द्यायचा प्रस्ताव आला, मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि गरिबाच्या चुलीवरचं सगळ्यात स्वस्त लोह गुन्हा ठरलं. 2023 च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात अंडं आलं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे सरकारनं बंद केले. आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाच्या अमृत आहार योजनेत पोरांना अंडी देता येतात. म्हणजे देता येतात हे सिद्ध झालंय. मग पाथर्डीच्या पोराला का नाही? कोपीतल्या पोराला का नाही?

कुणाचा विटाळ होतो? ज्यांची पोरं बदाम-तूप खाऊन वाढली ते आपल्या पोरांना सात्त्विक आहार शिकवतात. ज्यानं खायचं नाही त्यानं खाऊ नये, त्याला केळं द्या, दूध द्या, कुणाची ना नाही. पण ज्याचं पोर रक्तावाचून पांढरं पडलंय त्याच्या वाटीवर सोवळ्याचा पंचा टाकायचा अधिकार यांना दिला कुणी? आधी उष्टं देऊन मारलं, आता शुद्ध ठेवून मारतायत.

आपल्या माणसांनाही दोन शब्द. चळवळीतला गडी स्टेजवर स्त्रीमुक्तीवर बोलतो आणि घरी पोर रडलं की बायकोला हाक मारतो. पोराला भरवणं हे बाईचं काम असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय? लिहिलंच असेल तर तो ग्रंथ 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळला. मिरवणुकीच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं काढा आणि त्यात एका टोळीच्या पोरांना हंगामभर किती अंडी येतात त्याचा भागाकार करा. मी करून बघितला. तुम्हीही करा, मग बोलू.

होतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यातला दाखला. 1970 मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी ओळखलं की मोठं हॉस्पिटल बांधून पोरं जगत नाहीत. गावोगावच्या साध्या बाया निवडल्या. कितीकजणी दलित, कितीकजणी निरक्षर. त्यांना वजन करायला शिकवलं, बाळंतपण शिकवलं, पोराला काय आणि केव्हा भरवायचं ते शिकवलं. जिच्या सावलीचा विटाळ होत होता ती बाई पाटलाच्या नातवाला हात लावायला लागली. हातपंप दलित वस्तीत बसवले, पाणी पाहिजे तर इकडं या! पोरं जगायला लागली. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे मिळालं, जग बघायला आलं. धडा एकच: जात तोडली, पाणी दिलं, बाईच्या हातात ज्ञान आणि अधिकार दिला की पोर जगतं. नुसतं पाकीट दिलं की म्हैस जगते.

म्हणून मागण्या लिहितो. मागण्या छापून फाईलला लावण्यासाठी लिहीत नाही. दर टोळीत, दर फडावर वाचून दाखवा.

एक. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर अंगणवाडी आणि पाळणाघर. खर्च कारखान्याचा आणि सरकारचा. टोळीतल्याच एका बाईला तिथं पगारावर ठेवा, तिला कोयता नको.

दोन. सहा महिने ते दोन वर्षांचं पोर ज्या बाईच्या अंगावर आहे तिला दिवसात भरवायला दीड तासाची पगारी सुट्टी. टनाच्या दरातून कापायची नाही, खाडा धरायचा नाही.

तीन. यादी कोयत्याबरोबर चालली पाहिजे. बाई जिथं, आहार तिथं. चेहरा जुळला नाही म्हणून एकाही पोराचा घास अडवायचा नाही.

चार. पाकीट बंद. गावच्या, वस्तीवरच्या बायांच्या गटाकडून ताजं, गरम, घट्ट अन्न. रोज अंडं, नको त्याला केळं आणि दूध. आठ रुपयांत हे होत नाही, दर महागाईबरोबर वाढवा.

पाच. पोराच्या डब्यात वरून घातलेल्या साखरेला बंदी. जो माल जर्मनीच्या पोराला चालत नाही तो नगरच्या पोराला चालणार नाही.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत काय करायचं? दसऱ्याला टोळ्यांची बोलणी होतात तेव्हा पोरांनी गावात जाऊन हजर राहायचं. कुठल्या कोयत्याबरोबर किती महिन्यांचं पोर जातंय त्याची यादी करायची. ती यादी तहसीलदाराला द्यायची, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात द्यायची, पोच घ्यायची. पोच दिली नाही तर तिथंच बसायचं. टोळीबरोबर एक पोतं बाजरीचं आणि डाळीचं पीठ भाजून द्यायचं, शेंगदाण्याचं कूट द्यायचं. थोरल्या पोरीला नव्हे, बापाला शिकवायचं की दुपारच्या सुट्टीत चमचा कसा धरायचा. ही दानत नव्हे, भीक नव्हे. ही फळी आहे.

हंगामात गोदामात आमच्या पाठीवर साखर येते. गोणी पन्नास किलोची, बोटीनं परदेशी जाते. काट्यावर ग्रॅमसुद्धा कमी चालत नाही. कमी भरली तर गोणी परत. साखरेचं वजन घटलं तर चौकशी होते. ती साखर ज्या आईनं तोडली तिच्या पोराचं वजन घटलं तर तिलाच अडाणी म्हणून मोकळे होतात. हा काटा खोटा आहे. तो फोडल्याशिवाय आपली पोरं वजनात यायची नाहीत.

आपल्या लेकराच्या पहिल्या घासाला मामाची मांडी नसली तरी चालेल, चांदीची वाटी नसली तरी चालेल. पण तो घास ताजा पाहिजे, घट्ट पाहिजे, आणि कुणाचा उष्टा नको.

जयभीम.